जुन्या पिकअपची अडकलेली चावी: खाऱ्या हवेतले निदान आणि दुरुस्ती

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या जेटीवर बर्फाच्या पेट्या भरून झाल्या, चालक केबिनमध्ये चढला आणि इग्निशनमधली चावी फिरेनाशी झाली, तर भोवतालच्या माणसांची पहिली सूचना बहुधा "जरा जोर लाव" अशीच असते. जुन्या पिकअपच्या बाबतीत हीच सूचना सर्वांत महाग पडते. चावी बहुतेक वेळा पितळेची आणि अनेक वर्षांच्या वापराने मानेपाशी बारीक झालेली असते. ती पिरगळून तुटली, की अर्ध्या तासाचे काम स्टेअरिंगखालचा पूर्ण लॉकसेट बदलण्यापर्यंत जाते. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये चावी अडकण्याचे कारण बव्हंशी मीठ, दमट हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ यांचे मिश्रण असते, आणि या तिघांवर जोराचा काहीही उपयोग होत नाही.

हा लेख टाटा २०७, जुनी बोलेरो पिकअप, पहिल्या पिढीतला छोटा हत्ती अशा हाताने गिअर टाकायच्या आणि साध्या, चिप नसलेल्या चावीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. इंटरनेटवरच्या परदेशी चित्रफितींमध्ये गिअरचा दांडा पार्किंगच्या खुणेवर नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांसाठी योग्य आहे. आपल्या गाड्यांमध्ये चावी आणि गिअर यांचा तसा संबंध नसल्यामुळे त्यात वेळ घालवू नये.

कुलपाच्या आत काय असते

चावी ज्या गोल भागात जाते त्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये पितळेच्या पातळ पात्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पातीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चावी बाहेर असताना पात्यांची टोके बाहेरच्या साच्याच्या खाचांत शिरलेली असतात, त्यामुळे बॅरल फिरत नाही. योग्य चावी आत गेली, की तिच्या दात्यांमुळे सर्व पात्या बॅरलच्या अंगाबरोबर येतात आणि बॅरल मोकळे होते. एकदा बॅरल "लॉक" या खुणेवरून पुढे सरकले, की पात्यांना बाहेर येण्यास जागाच उरत नाही, आणि म्हणून चावी "लॉक"वर परत आणल्याशिवाय निघत नाही. बॅरलच्या मागे दोन गोष्टी जोडलेल्या असतात: स्टेअरिंगच्या दांड्यात शिरणारा खिळा, ज्याला आपण स्टेअरिंग लॉक म्हणतो, आणि वायरी जोडलेला प्लॅस्टिकचा विद्युत स्विच.

थोडक्यात, बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: चावी आणि पात्या, स्टेअरिंगचा खिळा, किंवा मागचा स्विच. यांपैकी नेमके कोणते ठिकाण, हे ठरवल्याशिवाय स्प्रेच्या डब्याला हात लावू नये.

आधी गाडी सुरक्षित करावी

गाडी सपाट जागी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, गिअर टाकलेला असावा आणि चाकांना दगड लावलेले असावेत. चावी "ऑन"वर अडकली असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. टर्मिनलचा नट साधारणतः १० किंवा १३ नंबरच्या पान्याने सुटतो. हे न केल्यास डॅशबोर्डचे दिवे आणि इंजिनाचे विद्युत भाग रात्रभर वीज खेचत राहतात, आणि सकाळी चावीबरोबर बॅटरीचाही प्रश्न उभा राहतो.

इंजिन चालू असतानाच चावी अडकली आणि मागे फिरत नसेल, तर बॅटरीची वायर काढू नये. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) चालू असताना बॅटरी तोडल्यास विद्युत दाब एकदम चढून अल्टरनेटर खराब होऊ शकतो. जुन्या डिझेल गाडीला इंजिन बंद करण्याची ओढायची केबल असेल तर ती ओढावी. नसल्यास ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन धक्का देऊन बंद पडते, आणि त्यानंतर वायर काढता येते.

चावी फिरते, पण निघत नाही

अशा वेळी बॅरल खरोखर "लॉक"वर पोहोचले आहे का, हे आधी पाहावे. जुन्या गाड्यांच्या बॅरलभोवतीची अक्षरे पुसून गेलेली असतात आणि "ॲक्सेसरी" व "लॉक" यांच्यामधले अंतर थोडेच असते, त्यामुळे चावी एक खूण अलीकडेच थांबली आहे हे लक्षात येत नाही. पुष्कळ स्टेअरिंग लॉकमध्ये या दोन खुणांच्या दरम्यान चावी सरळ आत दाबूनच फिरवावी लागते. गाडी चालत असताना चुकून स्टेअरिंग लॉक होऊ नये म्हणून ही योजना केलेली असते. दाबण्याची ही यंत्रणा धुळीने जड झाली, की सवयीचा हलका दाब पुरत नाही. अंगठ्याने चावी सरळ रेषेत घट्ट आत दाबावी, दाब तसाच ठेवून ती सावकाश मागे फिरवावी, आणि मगच ओढावी.

बॅरल "लॉक"वर आहे हे नक्की असूनही चावी निघत नसेल, तर एखादी पाती चावीच्या दात्यात रुतून बसली आहे असे समजावे. चावी पक्कडीने ओढू नये. दोन बोटांनी अगदी हलका ताण देऊन ठेवावा आणि पेचकसाच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने बॅरलच्या तोंडावर टकटक करावी. त्या कंपनाने अडकलेली पाती उसळते आणि तेवढ्या क्षणात चावी एक दाता पुढे सरकते. ताण कमी आणि टकटक जास्त, हे प्रमाण राखावे, कारण ताण वाढवला की रुतलेली पाती आणखी घट्ट धरते.

चावी आत जाते, पण फिरतच नाही

येथे पहिला संशय स्टेअरिंगच्या खिळ्यावर घ्यावा. अणुस्कुरा किंवा फोंडा घाट चढून आलेला चालक वाटेत चहासाठी थांबतो, उतारावर चाके वळवून दगडाला टेकवतो आणि चावी काढतो; टायरमध्ये राहिलेला पीळ मग स्टेअरिंगच्या दांड्यावर येतो आणि खिळा खाचेत करकचून दाबला जातो. एका हाताने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. एका बाजूला ते ठार अडते, दुसऱ्या बाजूला किंचित लवते. ज्या बाजूला लवते त्या बाजूला ते नेटाने धरून ठेवावे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावी नेहमीच्याच हलक्या दाबाने फिरवावी. जोर लावायचा असेल तो स्टेअरिंगला लावावा, चावीला कधीही लावू नये.

गाडी भरलेली असेल तर पीळ इतका असतो की हाताने तो सुटत नाही. जागा सपाट असेल, तर पुढचे एक चाक जॅकवर जमिनीपासून जेमतेम मोकळे होईल इतके उचलावे. टायरचा पीळ सुटतो, स्टेअरिंग स्वतःहून थोडे फिरते आणि चावी फिरू लागते. उतारावर हा उपाय करू नये.

स्टेअरिंग हलवूनही काही फरक पडला नाही, तर चावीकडे वळावे. घरातली दुसरी, कमी वापरलेली चावी लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. दुसऱ्या चावीने कुलूप फिरले तर बॅरल ठीक आहे आणि रोजची चावी झिजली आहे, हे सिद्ध होते. झिजलेल्या चावीवरून नवी चावी करून घेण्याची चूक फार ठिकाणी होते: चावीवाल्याचे यंत्र समोरच्या चावीची हुबेहूब नक्कल करते, म्हणजे झीजही नकलते. नक्कल नेहमी न वापरलेल्या चावीवरून, किंवा मूळ चाव्यांबरोबर मिळालेल्या पट्टीवरच्या क्रमांकावरून करून घ्यावी. चावी वाकलेली असेल, तर ती दोन सपाट लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरून शेगड्यात (व्हाइसमध्ये) हळूहळू दाबून सरळ करता येते, पण अशी चावी फक्त नक्कल करण्यापुरती वापरावी. एकदा वाकलेले पितळ दुसऱ्यांदा तुटते.

साफसफाई: कापडावर काय येते ते पाहावे

चावी निघत असेल, तर ती पांढऱ्या सुती कापडाने पुसावी, कुलपात चार-पाच वेळा आत-बाहेर करावी आणि पुन्हा पुसावी. कापडावर उमटणारा रंग आतल्या बिघाडाविषयी बरेच सांगतो. हिरवट डाग आला तर पितळेच्या पात्या खाऱ्या दमट हवेने खाल्ल्या जात आहेत. पांढरी भुकटी आली तर साच्याच्या जस्ताच्या मिश्रधातूला गंज लागला आहे, आणि ही सर्वांत वाईट खूण आहे, कारण फुगलेला साचा पूर्ववत होत नाही. तांबडा चिखल बहुतेक वेळा जांभ्याच्या धुळीचा असतो. बोटांवर चोळून तो मऊ लागला तर धूळ, खरखरीत लागला तर लोखंडी स्प्रिंगचा गंज. काळे, चिकट काही आले तर मागे कोणीतरी ग्रीस किंवा तेल सोडलेले आहे.

हे तेल कोकणात बहुतेक वेळा खोबरेल असते, कारण ते प्रत्येक घरात हाताशी असते. सुरुवातीला चावी लोण्यासारखी फिरते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, नेमकी बाजाराला निघण्याच्या वेळी, पात्या त्यात गोठून बसतात. दुपारी तीच चावी विनातक्रार फिरते आणि मालक चक्रावतो. इंजिन ऑइल थिजत नाही, पण धूळ धरून ठेवते. दोन्ही टाळावीत.

साफ करण्यासाठी बॅटरीची वायर काढून, केबिनची दारे उघडी ठेवून, विडी-सिगारेट दूर ठेवून, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे त्याच्या बारीक नळीने चावीच्या फटीत थोडाथोडा मारावा. लगेच चावी आत-बाहेर करावी, पुसावी, पुन्हा स्प्रे मारावा. कापड स्वच्छ निघेपर्यंत हे करीत राहावे. चावी आतच अडकली असेल तर तिच्या वरच्या आणि खालच्या कडेला स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण दोन्ही बाजूंना दाते असलेल्या चावीच्या कुलपात पात्याही दोन्हीकडे असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मिळाला नाही तर डब्ल्यूडी-४० चालेल, मात्र तो साफसफाईसाठी आहे, कायमचे वंगण म्हणून नाही. त्याचा उरलेला थर धूळ गोळा करतो. पेट्रोल बंद केबिनमध्ये, स्विचच्या इतके जवळ, कधीही वापरू नये.

माशांच्या गाड्यांबाबत एक गोष्ट गॅरेजमध्येही दुर्लक्षिली जाते. पेट्यांमधले खारे पाणी लागलेल्या ओल्या हातानेच चालक चावी धरतो आणि ते पाणी थेंबाथेंबाने बॅरलमध्ये जाऊन वाळते. वाळलेले मीठ तेलात विरघळत नाही, क्लीनरमध्येही जवळजवळ विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळते. म्हणून कितीही स्प्रे मारला तरी अशी कुलपे दोन दिवस बरी चालून पुन्हा जड होतात. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उरलेला भाग पाण्याचा असतो, आणि तेवढे पाणी मीठ सोडवायला कामी येते. बॅटरी तोडलेली असताना, सुई काढलेल्या सिरिंजने ते थोडे थोडे फटीत सोडावे, खाली कापड धरून बाहेर येणारे पाणी टिपावे, चावी हलवीत राहावे, असे दोन-तीनदा करावे. नंतर डब्ल्यूडी-४० मारून उरलेला ओलावा बाहेर काढावा, सायकलच्या पंपाने हवा मारावी आणि अर्धा दिवस वाळू द्यावे. हे मिश्रण पेटते, त्यामुळे पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

वंगण सर्वांत शेवटी घालावे. कुलपासाठी ग्रॅफाइटची भुकटी हा सर्वमान्य सल्ला आहे, आणि देशावरच्या कोरड्या हवेत तो चांगलाही आहे. किनाऱ्यावर मात्र मला तो पटत नाही. खाऱ्या ओलाव्यात ग्रॅफाइट जस्ताला चिकटून राहिले तर त्या जोडीत जस्त वेगाने झिजते. शिवाय ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि मागेच विद्युत स्विच असतो. त्याऐवजी पीटीएफईचा (टेफ्लॉनचा), वाळल्यावर कोरडा राहणारा स्प्रे एकदा हलकासा मारणे पुरेसे आहे. आडगावी दुसरे काहीच हाताशी नसेल, तर मऊ पेन्सिल चावीच्या दात्यांवर घासून त्या दिवसाची वेळ निभावता येते.

चावी तुटून आत राहिली तर

तुटलेला तुकडा दुसऱ्या चावीने आत ढकलून पाहू नये. तो शेवटपर्यंत गेला की बाहेरून पकडताच येत नाही. फेविक्विकने चावीचे दोन तुकडे जोडून ओढण्याचा प्रयोगही करू नये, कारण गोंदाचा एक थेंब पात्यांवर ओघळला की बॅरल कायमचे गेले. बॅरल "लॉक"च्या स्थितीत आहे का ते पाहावे. फिरलेल्या अवस्थेत चावी तुटली असेल, तर पातळ पेचकसाने फटीत अलगद फिरवून ते आधी "लॉक"वर आणावे. मग क्लीनर मारून थांबावे. तुकड्याचे टोक दिसत असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने धरावे. दिसत नसेल तर सोनार किंवा सुतार नक्षीसाठी वापरतात तसल्या करवतीचे केसासारखे बारीक पाते, त्याचे दात आपल्याकडे वळतील असे धरून, चावीच्या दात्यांच्या कडेने आत घालावे, किंचित फिरवून दात तुकड्यात अडकवावेत आणि सरळ ओढावे. तुकडे फेकू नयेत. दोन्ही मिळून चावीवाला नवी चावी करू शकतो.

चावी "स्टार्ट"वरून मागे येत नाही

हा प्रकार वेगळा आणि तातडीचा आहे. इंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर घरघरत राहिला, तर काही क्षणांत तो तापून जळू शकतो. चावी हाताने मागे आणावी, इंजिन बंद करावे आणि बॅटरीची वायर काढावी. दोष मागच्या स्विचच्या परतीच्या स्प्रिंगमध्ये असेल तर साफसफाईने तो जात नाही. पुष्कळ गाड्यांमध्ये हा प्लॅस्टिकचा स्विच दोन-तीन स्क्रूंवर वेगळा निघतो आणि बॅरल व चावी तीच ठेवून एवढाच भाग बदलता येतो. दुकानदार पूर्ण लॉकसेट घ्यायला सांगेल, तेव्हा नुसता स्विच मिळतो का हे आवर्जून विचारावे.

चावीला लटकणारा जुडगा हेही या स्विचचे दुखणे आहे. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत लाखो मोटारी परत बोलावल्या, कारण त्यांच्या स्विचमधला अटकाव इतका हलका होता की जड जुडग्याने किंवा रस्त्याच्या हिसक्याने चावी "ऑन"वरून मागे सरकत असे आणि इंजिन बंद पडत असे. आपल्या गाड्यांचा तो स्विच नव्हे, पण झिजलेल्या बॅरलवर घराच्या, गोदामाच्या आणि बर्फाच्या पेटीच्या चाव्यांचे ओझे खड्ड्याखड्ड्याला हिसके देतच असते. इग्निशनची चावी एकटी असावी.

बंदीच्या काळात उभी राहणारी गाडी

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पुष्कळ पिकअप झापांच्या किंवा ताडपत्रीच्या आडोशाला उभ्या राहतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पहिल्या फेरीला चावीच आत जात नाही. कधी कधी हा गंजही नसतो: काच उघडी राहिलेली असते आणि कुंभारीण माशीने चावीच्या भोकात मातीचे घर बांधलेले असते. अशा वेळी चावी आत खुपसली तर माती पात्यांमध्ये दाबली जाते. बारीक तारेने माती कोरडीच उकरावी, हवा मारावी आणि मग क्लीनर वापरावा. गाडी उभी करतानाच भोकावर कागदी चिकटपट्टी लावली आणि पंधरवड्यातून एकदा चावी फिरवून ठेवली, तर हे सारे टळते.

बॅरल बदलायचे ठरले तर

कापडावर पांढरी भुकटी येतच राहिली, किंवा स्वच्छ करूनही नवी चावी अडखळत असेल, तर बॅरल बदलावे. स्टेअरिंगचा खिळा अर्धवट बाहेर राहत असल्याची जराही शंका असेल, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नये, कारण वळणावर स्टेअरिंग लॉक झाले तर सावरायला वेळ मिळत नाही. त्याच कारणाने, वायरी जोडून गाडी "डायरेक्ट" चालू करणे हा उपाय नाही: इंजिन सुरू होते, खिळा मात्र तिथेच असतो.

अनेक लॉकसेटमध्ये चावी "ॲक्सेसरी"वर आणून साच्याच्या लहान भोकातून पिन दाबली, की बॅरल सरळ बाहेर येते आणि हे काम घरीही होते. चावी फिरतच नसेल तर पूर्ण साचा काढावा लागतो, आणि तो चोरीच्या भीतीने, आवळताना डोके तुटून जाणाऱ्या बोल्टांनी आवळलेला असतो. ते ड्रिलने किंवा छिन्नीने काढण्याचे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे. नवा लॉकसेट बसवताना बोल्टांची डोकी तुटेपर्यंत आवळण्यापूर्वी बॅटरी जोडावी, चावी चारही खुणांवर फिरवून पाहावी, "स्टार्ट"वरून ती आपोआप मागे येते का हे पाहावे, चावी काढून स्टेअरिंग लॉक होते का आणि चावी घालून फिरवल्यावर पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे विनाअडथळा फिरते का, हे तपासावे, आणि नंतरच बोल्ट शेवटचे आवळावेत.